राजूरच्या वीस सफारी

सातपिंपळ चौकी, पांढरकवड्याच्या पुढे
२० नोव्हेंबर २०२४

आदरणीय देवरावमामा,

जयभीम. मामीलाही जयभीम, आणि तिला सांगा की तिने पाठवलेला ठेचा चार दिवसांत संपला. आमचे वनमजूर रामसिंगकाका रोज जेवायच्या वेळी काहीतरी निमित्त काढून चौकीवर येतात, त्यात माझा काही दोष नाही.

फोनवर तुम्हाला माझं ऐकू येत नाही आणि इथे मला रेंज मिळत नाही. म्हणजे आपलं नशीब पोस्टमनच्या सायकलवर. चालायचंच.

आता कामाचं. दिवाळीत आले होते तेव्हा तुमच्या नातीने, नयनने, मला तिची चित्रांची वही दाखवली. सगळ्या झाडांची पानं राखाडी. मी म्हटलं, "हिरवा खडू संपला का गं?" तर म्हणते कशी, "नाई आत्या, पानं असेच तं राहते." कोळशाच्या गाड्यांच्या रस्त्यावर वाढलेली पोर, तिने दुसरं काय पाहिलंय? मला रात्रभर ते डोक्यातून जाईना.

म्हणून राजूरच्या मुलींची सफारी या हिवाळ्यात करायचीच, असं मी ठरवलं आहे. यवतमाळ-नागपूरच्या मोठ्या शाळांतल्या मुलींची दरवर्षी होते. आपल्या वस्तीतल्या एकीचीही आजवर झालेली नाही. विहारातल्या अभ्यासिकेत येणाऱ्या आठवी ते दहावीच्या वीस जणी धरा. १८ जानेवारीला शनिवार आहे, त्या दिवशी पूर्ण दिवस त्या इथे जंगलात असतील. बस मिळाली आहे, साहेबांची मंजुरीही आली आहे. रंगाचं मात्र सांभाळा. लाल, गुलाबी, चमकीचं काही नको. खाकी किंवा मातकटच हवं. मामा, हे तुमच्याशिवाय होणार नाही.

आणि मुलींसोबत वस्तीतलं एक मोठं माणूस लागतं. ते तुम्ही व्हाल का? मला वनरक्षकाची नोकरी लागून पाच वर्षं झाली. आई गेल्यावर तुम्ही मला वाढवलं, शिकवलं, पण मी जिथे राहते ती जागा तुम्ही अजून पाहिलेली नाही. माझा गणवेशही तुम्ही शिवून दिला नाहीत. मुलीच्या जातीने पँट घालून जंगलात हिंडावं हे तुम्हाला पटलं नसेल, हे मी समजून आहे. पण एकदा या. एवढंच मागते.

तुमची
ममता

---

राजूर
२ डिसेंबर २०२४

चि. ममतास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. मागे तू एकच मागितला होतास तेव्हा मी नाही म्हणालो. आता एकदम वीस मागतेस, तेही खाकीच. तू लहानपणापासून हट्टी. पण पुन्हा नाही म्हणायचं बळ माझ्यात राहिलेलं नाही. काल अभ्यासिकेत जाऊन मापं घेतली. रुखमाबाईची मुलगी हाताला लागेना, तिला वाटलं इंजेक्शन द्यायला कुणी आलं आहे.

खिसे दोन ठेवायचे की चार, आणि कॉलर हवी की नको, तेवढं लगेच कळव. मुलींच्या उंचीचा भरवसा नाही, जानेवारीपर्यंत वाढतील, म्हणून थोडी माया ठेवतो.

बाकी ठीक. कान आहेत तसेच. मी येण्याबद्दल विचारलंस. त्याचं मागाहून लिहीन.

तुझा मामा
देवराव

---

सातपिंपळ चौकी
९ डिसेंबर २०२४

मामा,

तुमचं पत्र वाचून मी चौकीच्या ओट्यावर नाचलेच. तुम्ही स्वतः जाऊन मुलींचं उंची-वजन घेतलंत? मी तब्येतीचा फॉर्म अजून पाठवलाही नव्हता! असा मामा सगळ्यांना मिळो.

कपड्यांचं एवढं बारीक विचारलंत म्हणून सांगते. खिसे चार असले तर उत्तम, मुली बिया, पिसं, दगड काय काय उचलतात, मग मी ते परत ठेवायला लावते. कॉलर असली तर मान भाजत नाही. पायात मात्र बूट हवेत, चपला नकोत.

मी मनात सगळा दिवस आखून ठेवला आहे. सकाळी पाणवठ्याजवळ मचाणाखाली बसवायचं, अर्धा तास कुणी बोलायचं नाही. राजूरच्या वीस मुली आणि अर्धा तास गप्प! रामसिंगकाका म्हणतात, वाघ दिसणं त्यापेक्षा सोपं आहे.

तुम्ही येण्याचं "मागाहून" म्हणालात. मामा, मागाहून म्हणजे कधी?

ममता

---

राजूर
२४ डिसेंबर

ममता बाई, जयभीम.

मी इंदूमामी सांगून राह्यली अन् नयन लिहून राह्यली. तुये मामा दुकानात हायेत, त्याईले या चिठ्ठीचं काही सांगू नको.

काय करून ठेवलं वं तू? माणूस सकायपासून मशिनीवर बसते तं अंधार पडेपर्यंत उठत नाही. वणीवरून खाकीचं थान आणलं. वीस सफारी! कोट वेगळा, पँट वेगळी, चार-चार खिसे, कॉलर. आजवर नवरदेवाच्या बापाच्या सफारी शिवल्या, राजूरात व्याही व्हायचं म्हणजे देवराव टेलरची सफारी पाह्यजेच. आता पोट्टयाईच्या शिवून राह्यले. मी म्हटलं, "एवढ्या कायले?" तं म्हणते, "ममतानं मागितल्या."

(आत्या, मी नयन. सफारी म्हणजे गाडीत बसून जंगल पाहणं, हे मले माहीत आहे, मोबाइलवर पाह्यलं. पण आजोबा एवढे मन लावून शिवून राह्यले की मी काही बोलली नाही. माझी झाली, लय भारी दिसते.)

नयन, मधात तुहं कायले लिहून राह्यली? पुढचं लिही.

एक गोष्ट तुले सांगाचीच होती. तुले वाटते तुया पँटचं त्याईले वावडं आहे. तसं काही नाही वं. चाळीस वर्सं झाली, दुकानात खाकीचा तुकडा आला नाही. पोलीसवाले आले, ड्रायव्हर आले, सगळ्याईले वापस पाठवलं. त्याईचं गाव मुकुटबनकडचं. लहान असताना आपल्या मायसंगं जंगलात काड्या आणाले गेलते. रस्त्यात नाकेदार भेटला. तवा वनरक्षकाले नाकेदारच म्हणत. त्यानं मोळी पाडली, कुऱ्हाड ठेवून घेतली, अन् लेकरासमोर मायले कान धरून उठबशा काढाले लावल्या. लय उठबशा. माया सासूनं मरेपर्यंत कोणाले सांगितलं नाही, तुया मामानंच मले एकदा सांगितलं.

आता त्याच माणसाच्या मशिनीवर वीस खाकी पडून आहे. तुयासाठी.

बाकी पोट्टयाईच्या माया अगोदर नाही म्हणत होत्या, खाणीकडं वाघ फिरते म्हणून भेव. आता म्हणते, एवढं शिवलं तं पाठवाच लागते. चल, पुरे.

तुई मामी

---

सातपिंपळ चौकी
२ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

नवीन वर्षाचा जयभीम.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. त्यामुळे सरळच लिहिते.

मुलींचे कपडे झाले की सांगा, मी साहेबांना म्हटलं आहे की राजूरच्या मुली एकसारख्या खाकीत येणार आहेत. ते म्हणाले, "अरे वा, इतकी तयारी तर नागपूरवाल्यांचीही नसते." मला किती अभिमान वाटला ते विचारू नका.

आणि मामा, मी मागच्या दोन्ही पत्रांत तुम्ही येण्याचा हट्ट धरला. तो सोडते. तुम्ही नाही आलात तरी मी रागावणार नाही, रुसणार नाही, कारणही विचारणार नाही. मुलींसोबत मामी आली तरी चालेल. तुमच्या मनाला जे जड जातं ते माझ्यासाठी करू नका. तुम्ही माझ्यासाठी आधीच पुष्कळ केलं आहे आणि मला ते उशिरा कळलं.

माझा गणवेश पांढरकवड्याच्या टेलरने शिवला, तो खांद्यात ओढतो. पण ते काही मोठं नाही.

तुमची
ममता

---

राजूर
१० जानेवारी २०२५

चि. ममता,

इंदूने तुला सांगितलं. तुझ्या पत्रावरूनच कळलं. तिच्या पोटात काही राहत नाही, त्यात नयन तिची कारकून.

आणि नयनने परवा माझी इज्जत काढली. सतराव्या सफारीला काज करत होतो तर शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, एक सांगू? सफारी म्हणजे जीपमधून जंगल पाहणं राह्यते." मी म्हटलं, "मग हे काय आहे?" म्हणे, "हे बी सफारीच आहे. पण आत्यानं हे नोतं मागितलं." इंदू एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मी काम बाजूला ठेवलं. तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. तुझ्या लिहिण्यात चूक नाही, माझ्या वाचण्यातही नाही. दोघांचंही बरोबर आणि सतरा सफारी तयार! मग उरलेल्या तिघींनी काय घोडं मारलं होतं? त्यांच्याही शिवून टाकल्या.

आता जे इंदूलाही माहीत नाही ते लिहितो. वाचून झालं की तुझ्यापाशीच ठेव.

त्या दिवशी नाकेदाराने आईला उठबशा काढायला लावल्या तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तो हसत होता. मला वाटलं खेळ चालला आहे. मीही हसलो, ममता. आई खाली बसायची, उभी राहायची, आणि मी टाळ्या वाजवत होतो. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. घरी येईपर्यंत मला काही समजलं नव्हतं. समजलं तेव्हापासून खाकी कापड हातात घेववत नव्हतं.

तुला नोकरी लागली तेव्हा वस्तीत पेढे वाटले, मी घरात बसून राहिलो. तुला वाटलं मला पँट आवडली नाही. मला भीती वाघाची नव्हती. त्या कपड्यात तू कुणा म्हातारीवर ओरडताना मला दिसशील, याची होती. आपल्याच माणसाला तसं पाहायचं म्हणजे... म्हणून पाच वर्षं आलो नाही. तू चांगली मुलगी आहेस हे मला माहीत आहे. पण तो नाकेदारही कुणाचा तरी चांगला मुलगा असेलच की.

१८ तारखेला मुली पोचतील. माझं बस सुटतानाच ठरेल.

मामा

---

सातपिंपळ चौकी
२१ जानेवारी २०२५

मामा,

तीन दिवस झाले तरी माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही. बसमधून एकामागून एक वीस खाकी सफारी उतरल्या आणि रामसिंगकाकांनी खाडकन सलाम ठोकला! त्यांना वाटलं मुंबईहून अधिकारी आले. मग शेवटी तुम्ही उतरलात, पांढऱ्या सदऱ्यात. मी म्हटलं फक्त, "मामा, या, आत या." एवढंच जमलं.

मुलींनी तर कमाल केली. पाणवठ्यावर तेवीस मिनिटं गप्प बसल्या. सातबहिणींचा थवा आला, चितळं आली, एक नीलगाय अगदी वीस पावलांवर. वाघ आला नाही. नयन गाडीतून वाकून पळसाचं पान बोटाने पुसून पाहत होती, पुन्हा पुन्हा बोट बघत होती.

पण मामा, परतीच्या वेळचं मला खुपतं आहे. पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीतली, ती आजी नातवासोबत मोळी डोक्यावर घेऊन समोरून आली, तेव्हा तुम्ही गाडीत माझ्या मागेच बसला होतात. अभयारण्याच्या आतलं लाकूड नेता येत नाही, मला ठेवून घ्यावंच लागतं. तुमचं पत्र मी चारच दिवस आधी वाचलं होतं आणि नेमकं तुमच्या डोळ्यांदेखत माझ्यावर हे यावं! त्यानंतर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. बसमध्ये चढतानाही मागे पाहिलं नाहीत. पाच वर्षं ज्याला घाबरत होतात तेच तुम्हाला दिसलं ना? खरं सांगा. रागावला असाल तर तसं लिहा, पण लिहा.

ममता

---

राजूर
२७ जानेवारी २०२५

चि. ममता,

तुझं पत्र वाचलं आणि इंदूला म्हटलं, ही पोर हुशार आहे पण मामाच्या बाबतीत दरवेळी उलटंच समजते. ती म्हणाली, मामाही काही कमी नाही.

आधी मुलींचं. सगळ्यांच्या घरी अजून तेच चाललं आहे. रुखमाबाईची मुलगी शाळेतही सफारी घालून गेली, मास्तरांनी घरी पाठवली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घालून गेली. नयनची वही मी पाहिली. हिरवा खडू झिजून नखाएवढा राहिला आहे.

आता ती कोलाम आजी. ममता, मी रागावलो नव्हतो. मी बोललो असतो तर वीस मुलींसमोर रडलो असतो, म्हणून तोंड बंद ठेवलं.

तू काय केलंस ते तुला ठाऊक नाही, म्हणून मी सांगतो. तू गाडी थांबवून खाली उतरलीस. आधी तिच्या डोक्यावरची मोळी दोन्ही हातांनी उतरवून घेतलीस, कारण तिची मान थरथरत होती. मला ऐकू येत नाही, पण ओठांवरून कळतं. तू तिला "आजी" म्हणालीस. आपली बाटली दिलीस. ती पाणी पिईपर्यंत लाकडाचा विषय काढला नाहीस. नातवाला उन्हातून उचलून नयनच्या शेजारी गाडीत बसवलंस. मग तिच्याशी बसून बोललीस. तू उभी नव्हतीस, ममता, रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली होतीस, तिच्या बरोबरीने. मोळी तू ठेवून घेतलीस. नियम आहे, मला समजतं. म्हातारीलाही समजलं असावं, तिने जाताना तुझ्या गालावरून हात फिरवला. दोघांना पोडापर्यंत सोडलंस. त्या पोराने सगळा वेळ आजीचा पदर धरला होता, आणि त्याला कशाचीही लाज वाटावी असं तिथे काही घडलं नाही.

माझ्या आईला तसा कुणी भेटला असता, तर ती मला कितीदा ते सांगत बसली असती.

मी पाच वर्षं तुला घाबरलो, हे मला माफ कर. ज्या मुलीला मी अंगाखांद्यावर वाढवलं तिलाच घाबरलो. आता घाबरत नाही. घरी कधी येतेस ते कळव. इंदू तुझ्यासाठी पुरणाचं म्हणते आहे, माझं मत तिने विचारलेलं नाही.

आणि एक. तू सुट्टीला येतेस तेव्हा वणीच्या स्टँडवर बायकांच्या मुतारीत जाऊन गणवेश बदलतेस आणि पंजाबी ड्रेस घालून घरी येतेस. मला वाईट वाटू नये म्हणून. दोन वर्षांपूर्वी कापड आणायला गेलो होतो तेव्हा मी स्टँडवरच होतो. तुला आत जाताना पाहिलं, बाहेर येताना पाहिलं, आणि खांबाआड उभा राहिलो.

या खेपेला बदलू नकोस. खाकीतच ये. फाट्यावर उतर आणि वस्तीतून चालत ये. मी दाराशी उभा असेन.

तुझा मामा
देवराव